रुमालात न बांधलेले शतक

१८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. पानिपतापूर्वीच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रे त्यात होती. त्याच वर्षी मुंबईत प्लेगच्या धसक्यातून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, नवे रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि हे करताना नोटिसा, हरकती, मोजणीचे नकाशे, भरपाईचे दावे यांचा ढीग तयार केला. राजवाड्यांच्या वाटेने पुढे कितीतरी लोक गेले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, गावोगावच्या वाड्यांतले माळे धुंडाळले गेले, मोडी वाचणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. ट्रस्टच्या कागदांच्या वाट्याला ती माया आली नाही.

महाराष्ट्राच्या औद्योगिक आणि नागरी इतिहासाच्या साधनांचा आढावा घेताना ही विसंगती पावलोपावली जाणवते. पेशवाईतल्या कारकुनाने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी आपण मखमलीत ठेवतो. १९२० मधल्या गिरणीच्या टाइमकीपरचे मस्टर मात्र किलोच्या भावाने जाते. गिरणी, रेल्वे, वीज, नळ, गटारे, साखर कारखाना आणि नगरपालिका यांनी आजचा महाराष्ट्र घडवला, पण त्यांचे कागद ‘ऐतिहासिक’ या शब्दात बसतात हेच अजून पुरते पटलेले नाही. फोटोंची गत त्याहून वाईट आहे. ते सजावटीसाठी वापरले जातात. शताब्दीच्या स्मरणिकेत जुना फोटो छापायचा, खाली ‘एक दुर्मिळ छायाचित्र’ लिहायचे, की काम संपले. फोटो कोणी काढला, कोणाच्या सांगण्यावरून काढला, त्यातली माणसे कोण, हे विचारायचे राहून जाते.

मुंबईत बॉम्बे रेकॉर्ड ऑफिस १८२१ मध्ये सुरू झाले. आज तेच पुराभिलेख संचालनालय काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुण्याचे पेशवे दप्तर, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शाखा धरल्या तर महाराष्ट्राकडचा साठा देशातल्या मोठ्या साठ्यांत मोडतो. एकट्या पेशवे दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. गोव्याची परंपरा आणखी जुनी आहे. तिथला पुराभिलेख १५९५ मध्ये स्थापन झाला आणि दियोगु द कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक होता. म्हणजे कागद जपण्याची रीत या भूमीला नवी नाही. कारखाना आणि शहर यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही, एवढेच.

सरकारी दप्तरात उद्योगांचा इतिहास ‘उद्योग’ या नावाखाली सहसा सापडत नाही. तो महसूल, सार्वजनिक बांधकाम, न्याय, सामान्य प्रशासन अशा खात्यांच्या फायलींत विखुरलेला असतो. गिरणीला पाणी हवे असले की एका खात्याकडे अर्ज, जमीन हवी असली की दुसऱ्याकडे, संप झाला की पोलिसांचा अहवाल तिसरीकडे. त्यामुळे फेरिस्त, म्हणजे कागदांची यादी, नीट असणे फार महत्त्वाचे. फेरिस्त नसलेला साठा असून नसल्यासारखा असतो.

याच सरकारी कागदांत कधी कधी कामगाराचा आवाज थेट ऐकू येतो. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती ताडदेवला चालू झाली. त्यानंतर तीस वर्षांच्या आत, सप्टेंबर १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या सहज समजाव्यात अशा होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर इजा झाली तर भरपाई. हा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गेला म्हणून टिकला. एखाद्या गिरणीच्या मॅनेजरच्या टेबलावर गेला असता तर आज त्याचा मागमूस लागला नसता. रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडावे लागले.

या ५,५०० सह्या करणाऱ्यांचे फोटो नाहीत. त्या काळात कॅमेरा मुंबईत चांगला रुळलेला होता. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच, म्हणजे दावरांनी गिरणी काढायला घेतली त्याच वर्षी, स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओही याच काळातला. पण कॅमेरा परवडत होता सरकारला, रेल्वे कंपन्यांना, ठेकेदारांना आणि श्रीमंत घराण्यांना. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याचा फोटोंमधला इतिहास हा मुख्यतः बांधणाऱ्यांचा आणि मालकांचा इतिहास आहे. राबणारे त्यात आहेत, पण बहुधा प्रमाण दाखवण्यापुरते. पुलाची कमान किती उंच आहे हे कळावे म्हणून कमानीखाली एक माणूस उभा केलेला असतो. त्याचे नाव नोंदलेले नसते.

बोरघाटाचे उदाहरण यासाठी नीट पाहण्याजोगे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्यानंतर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेपुढे सह्याद्री चढण्याचे काम होते. १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले. सुमारे १५ मैलांत १,८०० फुटांहून अधिक चढ, २५ बोगदे, आणि ऐन भरात असताना कामावर ४२ हजारांच्या आसपास माणसे. पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. १८५९ च्या अखेरीस सॉलोमन ट्रेडवेल हा नवा ठेकेदार आला आणि येऊन थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडला नाही. अनुभवी इंजिनियर हाताशी घेऊन तिने काम पुढे नेले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. या कामाच्या छायाचित्रांचा एक अल्बम तिच्या नावावर आहे. खडकात अर्धवट खोदलेली बोगद्यांची तोंडे, दरीवर चढत जाणारे दगडी खांब, लाकडी परांच्या, उतारावर मातीच्या पाट्या. सह्याद्रीच्या कातळाशी माणसाने काय झुंज दिली हे त्या फोटोंवरून जेवढे कळते तेवढे कोणत्याही अहवालावरून कळत नाही.

पण जे फोटोत नाही ते पत्रव्यवहारात आहे. १८५९ च्या जानेवारीत, ट्रेडवेल येण्याच्या आधी, घाटातल्या मजुरांनी थकलेल्या मजुरीसाठी दंगा केला होता. ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम अशी उतरंड होती. पैसे वरून निघत, पण खालपर्यंत पोहोचता पोहोचता आटत. दंग्याची चौकशी झाली, सरकारी पत्रे इकडून तिकडे गेली आणि १८६० मध्ये मालक-मजुरांच्या मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा आला. ही सगळी हकिकत कागदावर आहे. अल्बम आणि फाईल जगाच्या दोन टोकांना, दोन संस्थांत, दोन वेगळ्या यादीक्रमांकांखाली पडून राहतात. फोटो पाहणारा कलेचा अभ्यासक फाईल मागवत नाही, फाईल वाचणारा इतिहासकार फोटोला चित्र समजून पान उलटतो. दोन्ही शेजारी मांडले तरच बोरघाट दिसतो.

हीच गोष्ट प्लेगच्या बाबतीत आणखी तीव्रतेने जाणवते. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागात प्लेग सुरू झाला. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि कमिटीच्या कामाचे पद्धतशीर फोटो काढले गेले. त्यांतले बरेचसे कॅप्टन सी. मॉस या लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर आहेत आणि आज लंडनच्या वेलकम संग्रहात पाहायला मिळतात. घर तपासायला निघालेली टोळी, पिचकाऱ्या आणि बंबांनी धुतल्या जाणाऱ्या गल्ल्या, तात्पुरत्या इस्पितळांतल्या खाटांच्या रांगा, कौले उतरवून ऊन आत घेतलेली घरे. एका घराच्या भिंतीवर रंगाने काढलेली वर्तुळे दिसतात. त्या काळी एकेक वर्तुळ म्हणजे त्या घरातला एकेक मृत्यू अशी खूण होती. फोटो काढणाऱ्याला दाखवायचे होते की सरकारने काम चोख केले. आज तोच फोटो पाहणाऱ्याची नजर आधी वर्तुळांवर जाते आणि मग दारात उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर.

त्या घरांतल्या माणसांचे म्हणणे मराठी आणि गुजराती वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रांत, महानगरपालिकेकडे आलेल्या तक्रारींत, पुण्यात ‘केसरी’, ‘सुधारक’सारख्या पत्रांच्या स्तंभांत आहे. घरात शिरणाऱ्या सोजिरांबद्दलचा संताप, स्त्रियांच्या तपासणीची धास्ती, जाळलेल्या सामानाची भरपाई कोण देणार हा प्रश्न. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, ती पार्श्वभूमी या पत्रांतून उलगडते. फोटोंतून ती उलगडत नाही, कारण फोटोत कुणी ओरडताना दिसत नाही. असे फोटो काढताना सगळ्यांना स्थिर उभे केले जाई. कॅमेऱ्यासमोरची ती शांतता खरी मानून कुणी प्लेगच्या बंदोबस्ताला लोकांची मान्यता होती असे लिहिले, तर तो फोटोचा दोष म्हणता येणार नाही. वाचणाऱ्याने कागद उघडला नाही, हा दोष आहे.

पत्रांची गोष्ट निघाली म्हणून सावित्रीबाई फुले यांच्या २० एप्रिल १८७७ च्या पत्राचा उल्लेख करायलाच हवा. ते ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले आहे. दुष्काळात जनावरे कशी पडताहेत, लोक गाव सोडून कसे चालले आहेत, सावकारांच्या जाचातून तंटे कसे पेटताहेत आणि कलेक्टरकडे त्याची दाद कशी लागली, हे त्यात आहे. पत्नीने पतीला लिहिलेले खासगी पत्र म्हणून त्याची महती सांगितली जाते ती योग्यच आहे. पण ते जुन्नर भागातल्या दुष्काळाचा प्रत्यक्ष जागेवरून आलेला अहवालही आहे. नागरी इतिहासाची साधने अशी अनपेक्षित जागी असतात. स्वतः जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याच्या ठरावाला त्यांनी एकट्याने विरोध केला. नगरपालिकेचे प्रोसिडिंग बुक हे असे साधन आहे. कोण बोलले, कोण गप्प बसले, पैसा कुठे वळला, सगळे त्यात सापडते. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिका एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. त्यांच्या प्रोसिडिंग बुकांवर शहरांचे अस्सल इतिहास लिहिता येतील. निदान सगळ्या जुन्या नगरपालिकांच्या बुकांची एकत्र यादी व्हायला हवी.

खासगी उद्योगांनी स्वतःची दप्तरे उभारण्याची सुरुवात बरीच उशिरा झाली. टाटा समूहाने १९९१ मध्ये मध्यवर्ती पुराभिलेखागार सुरू केले. ते आज पुण्यात आहे. गोदरेज समूहाने २००६ मध्ये विक्रोळीला स्वतःचे अभिलेखागार काढले. दोन्ही ठिकाणी फोटो, पत्रे, जाहिराती, यंत्रांचे आराखडे, जुनी उत्पादने एकत्र जपली जातात. त्यामुळे एखाद्या गोष्टीची साखळी जुळते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या कारखान्यात १२ लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या काही महिन्यांत तयार झाल्या. इतक्या पेट्या का लागल्या, हे आजच्या वाचकाला कळत नाही. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, पेटीवर त्याचे चिन्ह होते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची होती. कुलपे आणि तिजोऱ्या करणाऱ्या कारखान्याला हे काम का मिळाले, आतल्या बाजूने बंद होणारे कुलूप कसे बसवले, रोज किती पेट्या बाहेर पडत, हे तपशील कारखान्याच्या कागदांत सापडतात. रचून ठेवलेल्या पेट्यांच्या फोटोला त्यामुळे अर्थ येतो. भारताच्या लोकशाहीची सुरुवात कोणत्या शॉप फ्लोअरवर घडली, हे सांगणारे याहून चांगले उदाहरण शोधून मिळणार नाही.

कंपनीने स्वतः ठेवलेल्या दप्तराला मर्यादा असतात. काय दाखवायचे हे कंपनी ठरवते. संस्थापकाचे एक पत्र शंभर पुस्तकांत छापले जाते आणि स्टोअरकीपरची इंडेंट बुके बंद राहतात. संप, अपघात, कामावरून काढलेल्यांच्या याद्या या गोष्टी सहसा दाखवल्या जात नाहीत. तरीही नसण्यापेक्षा असणे कितीतरी पटींनी बरे, आणि या दोन संस्थांनी जो पायंडा पाडला तो इतरांनी गिरवायला हवा होता.

छोट्या आणि मध्यम उद्योगांत सर्वांत समृद्ध साधन किर्लोस्करवाडीने मागे ठेवले आहे, तेही अभिलेखागार न म्हणता. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये तिथे कारखाना व वसाहत उभी राहू लागली. लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी सुरुवातीला तयार नव्हता, लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी समजूत होती. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. गिऱ्हाइकांना कारखान्याची माहिती द्यावी या हेतूने निघालेले ते पत्रक पुढे मराठीतले आघाडीचे मासिक झाले. त्याचे जुने अंक आज चाळले तर नांगर, चरक, पंप यांच्या चित्रांबरोबर वाडीतले घर, शाळा, कामगार, सण, येणारे पाहुणे असे सारे दिसते. शिवाय गिऱ्हाइकांची पत्रे दिसतात, ‘तुमचा नांगर आमच्याकडच्या जमिनीत असा चालला’ अशा धाटणीची. उत्पादक आणि वापरणारा दोघेही एकाच पानावर भेटतात, असे साधन भारतात फार थोड्या जागी आहे.

त्याच औंध संस्थानात १९१६ मध्ये ओगले काच कारखाना निघाला. त्याच्या मागे तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्याची प्रेरणा होती, आणि पैसाफंड म्हणजे अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून एकेक पैसा गोळा करून उभा केलेला निधी. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील खेड्यापाड्यांत पोहोचला. त्याच्या जाहिराती जुन्या मासिकांत विपुल आहेत. एकेका पैशाच्या पावत्या, वर्गणीदारांच्या याद्या, भट्टीच्या नोंदी हे सगळे एकत्र आले तर स्वदेशी चळवळीचा अर्थशास्त्रीय इतिहास पावतीपासून लिहिता येईल.

साखरेच्या सहकाराचेही तसेच आहे. लोणीला प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून भाग भांडवल जमवताना झालेला पत्रव्यवहार, पहिल्या सभासदांची रजिस्टरे, सर्वसाधारण सभांचे वृत्तांत हे आशियातल्या एका मोठ्या प्रयोगाचे मूळ पुरावे आहेत. राज्यातल्या अनेक सहकारी कारखान्यांत ते अजून कपाटात असतील, कारण सहकारात कागद टिकतो तो तंट्याच्या भीतीने. मात्र तंटा मिटला की तो कागद निरुपयोगी ठरवला जातो.

काही वेळा कागद टिकतात, पण दूर जातात. वालचंद हिराचंद यांची कागदपत्रे दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात आहेत, मुंबईच्या पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांचीही तिथेच. तिथे ती सुरक्षित आहेत, अभ्यासकांना मिळतात, हे चांगलेच. पण वालचंदनगरच्या शाळेतल्या मुलाला ती कधी दिसणार? चांगल्या प्रतीच्या डिजिटल नकला मूळ गावी ठेवणे आज अवघड राहिलेले नाही.

मुळशीच्या बाबतीत दोन बाजूंचे कागद कसे वेगळे पडतात ते स्पष्ट दिसते. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटांनी खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये चालू केले. धरण, पाइप, टर्बाइन यांचे भव्य फोटो काढले गेले. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याच्या अग्रभागी होते. त्यांची बाजू ‘केसरी’च्या अंकांत, सत्याग्रहींच्या पत्रकांत, तुरुंगाच्या नोंदींत आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या लेखनात आहे. राजेंद्र व्होरा यांनी या विखुरलेल्या साधनांवरून या लढ्याचा इतिहास उभा केला, तेव्हा जगातल्या धरणविरोधी लढ्यांच्या आरंभीच्या काळात मुळशीचे नाव लागले. फक्त कंपनीचे फोटो उरले असते तर मुळशी ही अभियांत्रिकीची यशोगाथा म्हणून संपली असती.

कागद नष्ट होण्याची कारणे नेहमीचीच आहेत. वाळवी, ओल, पूर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांतली दप्तरे आणि फोटो वाहून गेले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात १८६९ सालच्या सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. पण नियमाने होणारा नाश पुरापेक्षा मोठा आहे. सरकारी कचेऱ्यांत कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते. ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ड’ वर्षभराने काढायचे. मुदत संपलेल्या कागदांचे निंदणीकरण, म्हणजे छाननी करून नाश, होते. नगरच्या ‘लखिना पॅटर्न’पासून अलीकडच्या ‘झिरो पेंडन्सी’पर्यंत कचेऱ्या नीटनेटक्या करण्याच्या मोहिमा झाल्या, त्यांनी रेकॉर्ड रूमला शिस्त लावली हे खरेच. प्रश्न एवढाच की वर्ग ठरवणारा कारकून कचेरीची गरज पाहतो. नळजोडणीचा १९३० सालचा अर्ज त्याच्या लेखी ‘ड’ असतो आणि शहराच्या इतिहासकाराच्या लेखी ‘अ’. २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे, त्याचा आधार घेऊन निंदणीच्या वेळी पुराभिलेखाचा माणूस हजर ठेवला पाहिजे.

खासगी कंपन्यांना तर एवढेही बंधन नाही. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवली की जबाबदारी संपते. आणि पत्रव्यवहार टिकला तरी एकतर्फी टिकतो. जुन्या पेढ्यांत ‘लेटर बुक’ असे. पातळ कागदाची जाडजूड वही, ताज्या शाईचे पत्र ओलसर पानाशी लावून लोखंडी दाबयंत्रात दाबायचे, की पत्राची नक्कल वहीत उमटे. अशी बांधीव वही टिकते, म्हणून पाठवलेली पत्रे मिळतात. आलेली पत्रे सुटी असतात, ती आधी जातात. मग आवक-जावक बारनिशीतल्या एकेका ओळीवरून समोरच्याने काय लिहिले असावे याचा माग काढावा लागतो. फोटोंचे अल्बमही असेच सुटे केले जातात. बाजारात अख्ख्या अल्बमपेक्षा सुट्या फोटोंना जास्त पैसे मिळतात. एकदा पाने सुटली की क्रम गेला, खालच्या ओळी गेल्या, मग फोटो कोणत्या गिरणीचा हेही सांगता येत नाही.

गिरणगावात हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्या बंद पडल्या, यंत्रे भंगारात गेली, जमिनी विकल्या गेल्या. यंत्रांचा लिलाव झाला त्याची यादी असते, कागद गेले त्याची नसते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या, कामगार स्त्रियांच्या, कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन केलेले पुस्तक २००४ मध्ये आले. बोललेल्या शब्दांना त्यांनी साधनाचा मान दिला. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम महापालिकेने हाती घेतले. त्यात यंत्रे आणि भित्तिचित्रे असतीलच, कागदांसाठी वाचनकक्षही हवा.

कारण हे कागद आजही माणसांचे भवितव्य ठरवत आहेत. गिरणी कामगारांना म्हाडाची घरे देण्याच्या योजनेत, १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो हे अर्जदाराला सिद्ध करावे लागते. त्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांच्या यादीत ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, लिव्ह रजिस्टर, ईएसआयसी क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ग्रॅच्युइटीचा आदेश, पगार पावती असे कागद आहेत. म्हणजे गिरणीच्या टाइम ऑफिसात जे रोज लिहिले जाई तेच. दीड लाखाच्या घरात कुटुंबे या कागदांच्या शोधात आहेत. कोकणातल्या, घाटावरच्या गावी ट्रंकेतून लाल पास निघाला तर घराची आशा, नाही निघाला तर एनटीसीच्या (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या) कचेरीत खेपा. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हाही असेच झाले. तालुक्यातालुक्यात जुनी रजिस्टरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. गरज पडली की दप्तर आठवते, पण तोवर निम्मे गेलेले असते.

करण्यासारखी कामे फार खर्चाची नाहीत. जिल्हावार यादी करता येईल. जुन्या नगरपालिका, बंद गिरण्या, साखर कारखाने, कामगार संघटना, विमा आणि भविष्य निर्वाह निधीची कार्यालये, फोटो स्टुडिओ यांच्याकडे काय शिल्लक आहे, एवढीच. विशेषतः स्टुडिओ. सोलापूर, इचलकरंजी, नागपूर, अमळनेर अशा गिरण्यांच्या गावांत पिढीजात स्टुडिओवाल्यांनी कामगारांचे ओळखपत्राचे फोटो, निरोप समारंभ, लग्ने, गणेशोत्सव टिपले. मालकाच्या कॅमेऱ्याने जे टिपले नाही ते याच निगेटिव्हवर आहे, आणि डिजिटल आल्यापासून कित्येक स्टुडिओ बंद झाले. महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी एकेका वर्गाला एकेक स्टुडिओ किंवा एकेक प्रोसिडिंग बुक वाटून दिले तरी पाच वर्षांत मोठा पल्ला गाठला जाईल. त्यात स्कॅन करण्यापेक्षा नोंद करणे महत्त्वाचे. फोटोच्या मागचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेला क्रमांक, कुणाकडून मिळाला, केव्हा मिळाला हे टिपले नाही तर स्कॅन केलेले हजार फोटो पुन्हा ‘दुर्मिळ छायाचित्र’ होऊन बसतात.

त्यात घाई करण्याचे एक कारण अगदी हिशेबाचे आहे. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आता सत्तरीला पोहोचला आहे. खात्यातल्या ग्रुप फोटोवर बोट ठेवून हा रिंग खात्याचा जॉबर, हा साळखात्यातला, ही कांडीखात्यातली, हिचे गाव राजापूर, असे सांगू शकणारे हे शेवटचे लोक. त्यांच्यासमोर फोटो ठेवून नावे लिहून घेण्याचे काम लालबाग-परळच्या चाळींत, सोलापूरच्या गिरणी वस्त्यांत आणि त्यांच्या गावांत आत्ता करता येईल. मस्टरमधला तिकीट नंबर, ओळखपत्रावरचा चेहरा आणि सांगणाऱ्याचा शब्द ही तीन साधने एका माणसापाशी जुळवण्याची सोय पुढच्या पिढीच्या इतिहासकाराला मिळणार नाही.